हरणाला सरकी खायला शिकवणं: टेक्सासमधला फीडर नेमका कोणाच्या कामाचा?

रात्री उशिरा रील्स बघताना तुम्हालाही हे व्हिडिओ दिसले असतील. कृष्णधवल चित्र, खालच्या पट्टीवर तारीख, वेळ आणि तापमान. मधोमध तीन पायांवर उभं असलेलं एक पिंप आणि त्याभोवती डोळे चमकवणारी हरणं. कमेंटमध्ये लोक बदाम टाकतात. मी असा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आणि मग अल्गोरिदमने मला सोडलंच नाही. आठवडाभर माझ्या फीडमध्ये फक्त फीडर!

मग जरा खोदायला घेतलं. हा नुसता प्राणिप्रेमाचा मामला नाही हे लगेच कळलं. त्या पिंपामागे मोठा बाजार आहे, सोलर पॅनलवर चालणारी यंत्रं आहेत, मोबाईल नेटवर्कवर फोटो पाठवणारे कॅमेरे आहेत. आणि सध्या तेच पिंप दोन रोगांच्या कात्रीत सापडलंय. एका रोगाचे अभ्यासक म्हणतात, हे बंद करा. दुसरा रोग दारात येऊन उभा आहे आणि त्याच्याशी लढायला कदाचित हेच पिंप लागेल.

पण त्याआधी एक साधा प्रश्न: रानातल्या हरणाला पेंड कशाला?

शिंगांचा हिशेब

टेक्सासमधली जवळपास ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण कायद्याने जनतेचं, पण ते ज्या रानात फिरतं ते रान कोणाचं तरी. शिकार कायदेशीर आहे, त्यामुळे जमीनमालक आपल्या रानात शिकारीला यायचे पैसे घेतो. शिंगं जितकी मोठी तितका भाव जास्त. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे चित्र डोळ्यांसमोर आणणंही अवघड आहे. तिथे मात्र ती ग्रामीण अर्थव्यवस्था आहे.

या हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत पुन्हा नव्याने उगवतात. वाढतं शिंग म्हणजे बहुतांश प्रथिन. त्याच महिन्यांत माद्या पिल्लांना दूध पाजत असतात. या काळात हरणाच्या खाण्यात साधारण १६ टक्के प्रथिनं असावीत असं मानतात. दक्षिण टेक्सासच्या काटेरी झुडपी रानात पाऊस झाला तर कोवळ्या पाल्यातून ती मिळतात. पावसाने दगा दिला की पाला जून होतो आणि सगळं गणित बिघडतं. म्हणून १६ ते २० टक्के प्रथिनांच्या गोळ्या, म्हणजे आपल्याकडच्या दुभत्या जनावरांच्या पशुखाद्यासारखाच प्रकार.

बहुतेक रीलमध्ये हरणं खात असतात तो मात्र मका. मक्यात प्रथिनं ८-९ टक्केच. मका म्हणजे हरणाचा वडापाव: आवडीने खातात, लगेच तरतरी येते, पण शिंगं काही त्याच्यावर वाढत नाहीत. शिकारीच्या दिवसांत हरणाला बोलवायला मका आणि बाकीच्या वर्षात पोसायला गोळ्या, अशी तिथली विभागणी आहे.

नवीन ॲप, जुना यूजर

आता खरी गंमत. गोळ्या भरून फीडर उभा केला म्हणजे हरीण खाईल असं नाही. कित्येक ठिकाणी ते येतं, हुंगतं आणि निघून जातं.

हरीण गाईसारखं सरसकट चरत नाही. त्याचं तोंड निमुळतं असतं. ओठांनी एकेक कोंब, एकेक शेंग निवडून खायची त्याची सवय. काय खायचं हे पिल्लू आईच्या मागे फिरून शिकतं. त्या अभ्यासक्रमात तपकिरी रंगाची, कारखान्याचा वास येणारी गोळी नसते. शिवाय बाजूला ओकची फळं पडलेली असतील किंवा मेस्कीटच्या शेंगा पिकलेल्या असतील, तर गोळीकडे कोण बघतो? (मेस्कीट म्हणजे आपल्याकडे माजलेल्या वेड्या बाभळीचं भावंडं.)

म्हणून तिथले लोक जे करतात ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचं वाटेल. नवीन फीचर थेट सगळ्यांच्या माथी मारायचं नाही, ओळखीच्या गोष्टीत लपवून हळूहळू आणायचं. सुरुवातीला पिंपात बहुतेक मका आणि थोड्या गोळ्या. हरणं यायला लागली की दर भरणीला मका कमी, गोळ्या जास्त. काही जण मक्याऐवजी भाजलेलं सोयाबीन मिसळतात. एखादी वयस्कर मादी खायला लागली की तिच्या मागचा कळप शिकतो. हे सगळं सुरू करायचं शिकारीचा हंगाम संपल्यावर, हिवाळ्याच्या शेवटी, रानात खायला कमी असतं तेव्हा. फीडरची जागा हरणांच्या नेहमीच्या वाटेवर, पाण्याजवळ, पळून लपायला झुडूप हाताशी असेल अशी. आणि एकदा सुरू केलं की पिंप रिकामं पडू द्यायचं नाही, नाहीतर जमलेली सवय मोडते. गोळ्या भिजून बुरशी धरली किंवा त्यांचा चुरा झाला तरी हरणं पाठ फिरवतात.

मक्याचा फीडर टायमरवर चालतो: ठरलेल्या वेळी खालची चकती गरगरते आणि दाणे उडतात. प्रथिनांसाठी असं चालत नाही. तिथे हरणाला हवं तेव्हा, हवं तितकं खाता यावं म्हणून नळ्यांमधून आपोआप खाली सरकणारं खाद्य ठेवतात. थोडक्यात, ज्या यंत्राच्या जाहिरातीत ॲप आणि टायमर मिरवतात ते मक्याचं. पोसण्याचं खरं काम करणारं यंत्र हे निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालणारं भांडं!

हळूहळू आणण्यामागे नुसती आवड-निवड नाही, पोटही आहे. हरीण रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि अन्न खऱ्या अर्थाने तेच पचवतात. पाला पचवणारे जीव वेगळे, दाणे पचवणारे वेगळे. खाणं बदललं की ही वस्ती बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. गावाकडे ज्यांची गुरं आहेत त्यांना हे सांगायला नको. गाय रात्री दावं तोडून धान्याच्या पोत्याला लागली की सकाळी घरात धावपळ उडते, कारण पोटात एकदम आम्ल तयार होतं. हरणाचंही तेच. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात कडाक्याच्या थंडीत लोक कळवळून मक्याची रास ओततात आणि हरणं भरल्या पोटी मरतात. तिथली वन्यजीव खाती दर हिवाळ्यात यावर कानीकपाळी ओरडत असतात.

सरकीचा जुगाड

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सरकी. हो, आपली कपाशीची सरकी. टेक्सास हा कापसाचा मोठा प्रदेश, त्यामुळे सरकी भरपूर. त्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या वर, शिवाय तेल. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की ती चोरीला जात नाही.

कारण फीडरचे खरे चोर म्हणजे रानडुकरं आणि रॅकून. गोळ्यांच्या फीडरभोवती हरीण उडी मारून येईल पण डुक्कर येणार नाही इतक्या उंचीचं लोखंडी जाळीचं कुंपण घालावं लागतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. ते डुकरासारख्या एकाच कप्प्याच्या पोटाला बाधतं, त्यामुळे डुकरं आणि रॅकून तिच्या वाटेला जात नाहीत. रवंथ करणाऱ्याच्या पोटात मात्र त्याचा जोर बराच कमी होतो. म्हणून जाळीचा एक उभा गोल करायचा, आत सरकी भरायची. तंतू चिकटलेले असल्याने ती खाली सांडत नाही आणि हरणं जाळीतून ओढून ओढून खातात. ना मोटर, ना बॅटरी, ना ॲप.

अडचण पुन्हा तीच: हरणाला सरकी ओळखीची नाही. पांढऱ्या तंतूंचा हा गोळा खाण्याची वस्तू आहे हे त्याला कळायला गोळ्यांपेक्षाही जास्त वेळ लागतो. मका मिसळावा, तर जाळीपाशी पुन्हा डुक्कर हजर. म्हणजे शिकवणीचे पहिले काही आठवडे कुंपण लागतंच. गॉसिपॉलमुळे नरांच्या प्रजननावर परिणाम होण्याची शंका असल्याने मिलनाच्या हंगामाआधी सरकी बंद करायचाही सल्ला देतात.

कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय नाही

फीडरच्या समोर झाडाला बांधलेला कॅमेरा हा या धंद्याचा डॅशबोर्ड. आत एक इन्फ्रारेड सेन्सर असतो. आसपासच्यापेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की तो कॅमेऱ्याला उठवतो, फोटो निघतो आणि सिमकार्डवरून मालकाच्या फोनवर येतो. नव्या ॲपमध्ये नर, मादी, डुक्कर असं वर्गीकरण एआय करतं. जमीनमालक दोनशे किलोमीटरवरच्या ऑफिसात बसून बघतो: आज ४० फोटो, मस्त, हरणं लागली!

इथे माझ्यातला इंजिनिअर अडतो. हा आकडा आहे हजेरीचा. हरणाने किती खाल्लं, पिंपात किती उरलं, जे गेलं ते हरणाच्या पोटात गेलं की रॅकूनच्या, यातलं काहीच त्या ४० फोटोंत नाही. दुसरं म्हणजे, हा सेन्सर तापमानातल्या फरकावर चालतो. दक्षिण टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी हवा ४० अंशांला जाते आणि हरणाचं अंग त्याच्याच आसपास. फरक कमी झाला की सेन्सर चुकतो. म्हणजे शिंगं वाढत असतात आणि माद्या पाजत असतात, नेमक्या त्याच महिन्यांत डेटा सगळ्यात कच्चा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दक्षिण टेक्सासमधल्या अभ्यासांत दिसलंय की फीडरवर सारखा वाटा कोणालाच मिळत नाही. दांडगे, प्रौढ नर जास्त खातात, माद्या आणि लहान हरणं कडेला थांबतात. मालकाला दांडगे नरच हवे असतात, त्यामुळे त्याच्या दृष्टीने यंत्रणा यशस्वी. पण कळपातल्या प्रत्येक हरणापर्यंत काहीतरी पोचवायचं असेल तर ही यंत्रणा फार भरवशाची नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

(कॅमेऱ्यांवरही सगळीकडे लोक खूश नाहीत. शिकारीत प्राण्याला काही संधी उरते का, असा वाद झाला आणि ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली.)

पहिला रोग: बंद करा

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा लक्षात आला. आज अमेरिकेतल्या ३० हून जास्त राज्यांत आहे. हा जिवाणू नाही, विषाणू नाही. चुकीच्या घडीचं एक प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच चुकीची घडी घालतं आणि मेंदूची हळूहळू चाळण होते. एक करप्ट फाईल शेजारच्या फाईली करप्ट करत सुटते, तसं. यालाच प्रायॉन म्हणतात. लस नाही, औषध नाही, लागण झालेलं हरीण वाचत नाही. माणसाला झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण आजवर नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नका असाच तिथल्या आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

प्रायॉन लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आता फीडरचं चित्र आठवा: एकाच नळीला दिवसभर दहा-वीस तोंडं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनमधल्या एका अभ्यासात हरणं जिथे क्षार चाटायला येतात अशा ११ जागा तपासल्या, त्यातल्या ९ ठिकाणी हे प्रायॉन सापडलं. प्रथिन देण्यासाठी उभ्या केलेल्या जागेवर प्रथिनाचाच रोग पसरावा, हा योगायोग जरा क्रूरच.

मिशिगनने ३१ जानेवारी २०१९ पासून राज्याच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात हरणांना खाऊ घालायला बंदी केली. त्या राज्याने १९९० च्या दशकात हरणांतला क्षयरोग बघितला होता, आणि तेव्हाही बोट खाऊच्या ढिगांकडेच गेलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये जिल्ह्यागणिक बंदी लागते: रोग सापडला की त्या जिल्ह्यात तीन वर्षं, शेजारच्यात दोन.

टेक्सासमध्ये हा रोग २०१२ ला पश्चिमेकडच्या डोंगरांत आणि २०१५ ला पाळीव हरणांच्या एका केंद्रात सापडला, पण राज्यभर खाऊबंदी नाही. होईल असंही वाटत नाही. तिथे वन्यजीव खात्याविरुद्धचा राग इतका आहे की २०२५ मध्ये ते खातंच बरखास्त करावं असं विधेयक विधिमंडळात आलं होतं. पुढे गेलं नाही, पण हवा कळली.

बंदीला विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. हरणं पाणवठ्यावर आणि ओकच्या झाडाखालीही गर्दी करतातच. शिवाय लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दीड-दोन वर्षं जातात, त्यामुळे बंदीने काय साधलं हे मोजायलाच एक पिढी लागते. पण ओकची फळं वर्षातले काही आठवडे पडतात आणि जमिनीवर पसरून पडतात. फीडर बाराही महिने एकाच जागी, एकाच नळीतून. माझ्या मते हा फरक वादात मुद्दाम दुर्लक्षिला जातो.

दुसरा रोग: चालू ठेवा?

आता दुसरी बाजू. न्यू वर्ल्ड स्क्रूवर्म ही माशी जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. जखमेत किडे पडणं म्हणतो आपण, पण हे त्याचं भयंकर रूप. अमेरिकेने कारखान्यात वाढवलेले नपुंसक नर सोडून ही माशी १९६६ पर्यंत देशातून जवळपास हाकलली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला सापडली. मे २०२५ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोतून गुरं आणणं थांबवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये नुएव्हो लिऑन राज्यात, टेक्सासच्या सीमेपासून सव्वाशे किलोमीटरच्याही आत, एक रुग्ण जनावर आढळलं.

गाईला पकडून औषध टोचता येतं. टेक्सासमधल्या लाखो रानटी हरणांना कसं टोचणार? एकच वाट दिसते: खाण्यातून.

हे आधी झालंय. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर ही माशी पुन्हा आली. तिथे की डिअर नावाची हरणांची दुर्मीळ उपजात राहते, सगळी मिळून हजारभरही नाहीत. १३५ हरणं गेली, त्यात मिलनाच्या काळात झुंजून जखमी झालेले नर जास्त. नपुंसक माशा सोडल्याच, पण त्याबरोबर स्वयंसेवकांनी ब्रेडच्या तुकड्यांवर डोरामेक्टिन घालून हरणांना हाताने खाऊ घातलं. काही महिन्यांत साथ आटोक्यात आली.

दक्षिण टेक्सासमध्येही अशी यंत्रणा आहे, वेगळ्या शत्रूसाठी. गुरांना ताप देणारी गोचीड हरणांच्या अंगावरून सीमा ओलांडते, म्हणून सरकारी मोहिमेत हरणांना आयव्हरमेक्टिन लावलेला मका देतात. औषध मांसात उतरू नये म्हणून शिकारीच्या हंगामाआधी तो दोन महिने बंद. या मोहिमेत आपल्या ओळखीचा एक प्राणी आडवा येतो: नीलगाय, विदर्भातला रोही. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथल्या एका प्रचंड रँचवर हौसेने आणून सोडलेली नीलगाय आज दक्षिण टेक्सासभर आहे, तीही ही गोचीड वाहते, आणि मक्याला ती भुलतच नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याला हसू येईल, कारण त्याच्या उभ्या पिकाला ती बरोबर भुलते! शेवटी संशोधकांनी खाऊचा नाद सोडून, ती कुंपणाखालून जिथून सरकते त्या वाटेवर आपोआप चालणारे फवारे बसवून बघितले. गोचिडींना मारणारे सूक्ष्म कृमी त्यातून तिच्या अंगावर उडतात.

हरणांच्या बाबतीत मात्र नाद सोडता येत नाही आणि अडचण वेळेची आहे. की डिअर माणसाळलेली होती, ब्रेड घ्यायला जवळ आली. काटेरी रानातलं हरीण नवीन गोळीला तोंड लावायला आठवडे घेतं. माशीच्या अंड्यातून अळी बाहेर यायला एक दिवससुद्धा लागत नाही. म्हणजे औषधी खाद्य साथ आल्यावर सुरू करून उपयोग नाही, हरणं आधीपासून फीडरला लागलेली हवीत. आणि सीडब्ल्यूडीसाठी जिथे फीडर काढले, तिथे ही सवय मोडलेली असणार.

त्यात मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा. दांडगा नर चार वाटे खाणार, कडेला थांबलेल्या मादीला अर्धा. औषधाचा डोस असा वाटला तर एकाला जास्त, दुसऱ्याला अपुरा. यावर कॅमेरा आणि एआय लावून हरणागणिक मोजून खाद्य देणारा फीडर काढता येईल, अशी कल्पना माझ्याही डोक्यात येऊन गेली. इंजिनिअरला असं सुचतंच. डेअरीत कानातल्या टॅगवर चालणारी अशी यंत्रं आहेत. पण रानातल्या हरणाच्या कानात टॅग नाही, आणि शिंगं गळली की एआयसाठीही नराची मोठी ओळख पुसली जाते.

शिवाय या माशीची सगळ्यात सोपी शिकार असते नुकतंच जन्मलेलं पिल्लू, ज्याची नाळ अजून ओली आहे. माशीचं उच्चाटन होण्याआधी टेक्सासमध्ये दरवर्षी पाडसं मोठ्या संख्येने अशीच मरायची, आणि ती थांबल्यावरच हरणांची संख्या इतकी वाढली. ते पाडस फक्त दूध पितं. त्याला गोळी चालत नाही, सरकी नाही, ब्रेडही नाही.